चाँदभाईचा काटा

वडवणीत चाँद पठाण कुठं राहतो म्हणून विचारलं तर माणसं डोकं खाजवतात. पण 'विमान कुठं राहतो' म्हटलं की पानटपरीवरचा कुणीही उठून बाजारतळामागची गल्ली दाखवतो.

हे नाव त्याला बद्रीनाथ तात्यांच्या जीपवर असताना पडलं. तात्या म्हणजे शेजारच्या गावचे मोठे बागायतदार. एकदा जिल्हा परिषदेवर निवडून आलेले, दोनदा पडलेले, आणि निवडून आले काय अन् पडले काय, तालुक्यातलं एकही लग्न किंवा मयत न चुकवणारे. लग्नसराईत एकाच दुपारी चार ठिकाणी अक्षता टाकायच्या, पाचव्या ठिकाणी नुसतं तोंड दाखवायचं, असा त्यांचा खाक्या. हे जमायचं ते चाँदभाईच्या जिवावर. वडवणीत चहा घेऊन निघालेला चाँदभाई बीडला उतरतो तेव्हा तोंडातली चहाची चव गेलेली नसते, असं लोक सांगायचे. थोडं वाढवून सांगायचे, पण फार नाही.

त्याचा बाप बीडच्या बसस्टँडवर टांगा हाकायचा. चाँदनं टांग्याला कधी हात लावला नाही. पोरवयातच तो एका ट्रकवर क्लीनर म्हणून चढला, मिसरूड फुटायच्या आत स्टेअरिंग हातात आलं, आणि लग्न झालं त्याच साली तो तात्यांकडं लागला. तेव्हापासून जीप गेली, सुमो आली. सुमो गेली, स्कॉर्पिओ आली. प्रत्येक गाडी आधीच्या गाडीपेक्षा पळायची आणि चाँदभाई तिच्यातलं सगळं पळणं बाहेर काढायचा. एवढ्या वर्षांत त्याच्या गाडीखाली एक कोंबडी गेली. तिची भरपाई त्यानं त्याच दिवशी केली आणि पुढं कितीतरी दिवस त्या गावातून जाताना हॉर्न वाजवत गेला.

त्याला वेग आवडायचा, हे लपवून काही उपयोग नाही. तात्यांना घाई असायची म्हणून तो पळवायचा हे खरं, पण गाडी रिकामी असली तरी तो तशीच पळवायचा. गाडीनं जमीन सोडल्यासारखं वाटायला लागलं की त्याच्या छातीत काहीतरी हलकं व्हायचं. त्याची बायको हुस्ना म्हणायची, "घरात ह्यांच्या तोंडून शब्द निघत न्हाई, अन् गाडीत बसले की गाणी म्हणतात."

मग धुळे-सोलापूर रस्ता चौपदरी झाला आणि तात्यांनी नवी गाडी घेतली. पांढरी, उंच, आत बसलं की बाहेरचा आवाज बंद. काटा दोनशे वीसपर्यंत आखलेला. पहिल्या दिवशी चाँदभाईनं ती मांजरसुंब्याच्या पुढं मोकळ्या रस्त्यावर नेली आणि ऐंशीवर आहे असं समजून काट्याकडं पाहिलं, तर काटा एकशे तीसवर. गाडीला धाप नाही, थरथर नाही. मागं तात्या घोरत होते.

"मक्खन हाय मक्खन," संध्याकाळी तो आपल्या मेव्हण्याला, जाकीरला म्हणाला. जाकीरचं बीडच्या बार्शी नाक्यावर गॅरेज. गाड्यांची तारीफ तो सहसा करत नसे. त्यानं नव्या गाडीचं बॉनेट उघडून आत पाहिलं आणि परत लावलं. "ह्यात आपलं काय काम न्हाई राह्यलं," एवढंच बोलला.

जानेवारीतली गोष्ट. गेवराईच्या पुढं, शहागडला एक लग्न होतं. मुहूर्त दुपारचा, आणि तात्या बीडमधल्या दुसऱ्या लग्नात फोटोसाठी अडकले. निघाले तेव्हाच उशीर झालेला.

"चाँद, उडव आता," तात्या मागं बसत म्हणाले आणि मोबाइल काढून मान खाली घातली.

पाडळशिंगीचा टोलनाका मागं पडला. ऊन स्वच्छ होतं, रस्ता सरळ. काटा दीडशेच्या आसपास खेळत होता. उसाचे दिवस असल्यानं कडेनं ट्रॅक्टर चालले होते, पण ते त्यांच्या बाजूनं. लांबवर दुभाजक तुटलेला होता, आणि त्या फटीत एका ट्रॅक्टरचं लाल तोंड चाँदभाईला दिसलं. मागं उसाच्या दोन ट्रॉल्या. उभा आहे, असं त्याला वाटलं.

मग ट्रॅक्टरची पुढची चाकं वळली.

चाँदभाईला कळलं, की हा उभा नाही, रस्ता ओलांडतोय. अगदी स्पष्ट कळलं. आणि कळूनही गाडी तशीच जात राहिली. पाय उचलायचा, शेजारी न्यायचा, दाबायचा, हे त्याच्या पायाला तीस वर्षांपासून पाठ होतं. पण कळणं आणि दाबणं यांच्यामध्ये एक मोकळी जागा होती. एरवी ती जागा त्याला कधी जाणवली नव्हती. त्या दुपारी ती जाणवली, आणि तेवढ्या जागेत गाडी कुणीच चालवत नव्हतं.

वाचवलं ते ट्रॅक्टरवाल्यानं. त्यानं काय केलं कोण जाणे, ट्रॅक्टर गचका खाऊन जागीच बंद पडला आणि पांढरी गाडी त्याच्या तोंडासमोरून निघून गेली. चाँदभाईला उसाच्या शेंड्यांची हिरवी वाढी दिसली, डोक्याला उपरणं गुंडाळलेल्या एका माणसाचा उघडा जबडा दिसला. आणि मग, सगळं मागं पडल्यावर, त्याचा पाय ब्रेकवर बसला.

तात्यांचा मोबाइल सीटखाली पडला. "काय झालं रे?"

"कुत्रं आडवं आलं, तात्या."

"गेलं का?"

"न्हाई. वाचलं."

तात्यांनी मोबाइल उचलला, पुसला आणि पुन्हा त्यात डोकं घातलं. चाँदभाईनं गाडी पुढं काढली. लग्नात तात्या पंगतीला बसले. चाँदभाईला कुणीतरी दोनदा बोलवायला आलं, पण तो गाडीतच बसून राहिला. स्टेअरिंगवर हात ठेवून मनातल्या मनात पाय उचलून बघत होता. उचल, ने, दाब. किती पटकन होतं हे! मग तिथं का झालं नाही?

त्यानं हे घरी सांगितलं नाही. पण हुस्नानं ताडलं. त्यांच्या घरात मराठीबरोबर दखनी उर्दूही चालते. "क्या हुआ जी? दो दिन से गुमसुम हैं," ती म्हणाली. तो म्हणाला, डोळे बघून घ्यावेत म्हणतो. बीडला एका डॉक्टरणीकडं जाऊन आला. तिनं भिंतीवरची अक्षरं वाचून घेतली, डोळ्यांत औषध टाकून बत्ती मारली. वाचायला चष्मा लागेल, लांबचं उत्तम आहे, या वयात एवढं चांगलं दिसत नाही सगळ्यांना, असं सांगितलं. चाँदभाई बाहेर आला तो आणखी काळजीत. डोळे अधू असते तर चष्म्यावर भागलं असतं.

त्याला बापाचा टांगा आठवायला लागला. बाप कधी घोड्याला फार मारायचा नाही, कारण घोडं दमलं की ते आपोआप थांबायचं, आणि मग बापाला पण थांबावं लागायचं. जीपचंही तसंच होतं. धारूरच्या घाटात रेडिएटर उकळायचा, सावलीत गाडी लावून पाणी घालायचं, तोवर माणूस पण पाय मोकळे करायचा. सुमोच्या काळात रस्त्यातले खड्डे आडवे यायचे. दर वेळी माणसाच्या आधी दुसरं काहीतरी थकायचं. ह्या नव्या गाडीत आणि ह्या नव्या रस्त्यावर थकायला तोच एक उरला होता.

पण मनाच्या एका कोपऱ्यात त्याला वाटत होतं, आपण म्हातारे झालो, बाकी काही नाही. पोरांचं असं होत नसणार.

ती शंका त्यानं जाकीरजवळ बोलून दाखवली. जाकीरनं हातातला पाना खाली ठेवला. "मग बघू की," तो म्हणाला. "शहेबाजला घे संगं."

शहेबाज हा चाँदभाईचा मुलगा, पंचविशीतला. बीडच्या एका बागवानाच्या पिकअपवर होता. फळं घेऊन पुण्याला जायचा आणि बापापेक्षा जास्त पळवायचा. तात्या अधिवेशनाच्या दिवसांत मुंबईला गेले होते. तात्यांच्या पत्नी विजयमालाकाकू अंगणात तूर वाळत घालत होत्या. चाँदभाई त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"काकू, गाडीचे ब्रेक बघायचेत. जरा घेऊन जातो."

"ब्रेक बिघडले का?"

"ब्रेक चांगलेत. बघायचंय ते माझंच."

काकूंना काय समजलं कोण जाणे. "बघ बाबा," त्या म्हणाल्या.

बीडच्या बाहेर एक नवा वळणरस्ता तयार होऊन पडला होता, अजून सुरू व्हायचा होता. शुक्रवारची नमाज झाल्यावर तिघं तिथं गेले. जाकीरनं कबड्डीच्या मैदानावर आखायला वापरतात ती पांढरी फक्की आणली होती, कागदाच्या पुड्या बांधून. युक्ती साधी होती. चालवणाऱ्यानं गाडी पळवायची. जाकीर शेजारी बसणार, त्याच्या मनाला येईल तेव्हा डॅशबोर्डवर थाप मारणार आणि त्याच वेळी खिडकीतून पुडी खाली सोडणार. थाप ऐकली की चालवणाऱ्यानं ब्रेक दाबायचा. गाडी थांबली की उतरून मागं चालत जायचं आणि पुडी कुठं फुटलीय ते बघायचं.

आधी साठवर. थाप पडली, चाँदभाईनं ब्रेक दाबला. उतरून पाहिलं तर पांढरा डाग जवळच, बोलणं ऐकू जाईल एवढ्यावर. शहेबाजचंही तेवढंच. दोघं हसले.

मग शंभर. डाग लांब गेला. बापाचा डाग लेकाच्या डागापेक्षा एखाद्या गाडीएवढाच जास्त मागं.

"बघ," जाकीर चाँदभाईला म्हणाला, "लई म्हातारा न्हाई झालास."

चाँदभाईला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की त्यानं खिशातली तंबाखू काढून दोघांना दिली, आणि पोरासमोर तंबाखू काढल्याचं नंतर त्याच्या लक्षात आलं.

मग एकशे चाळीस. आधी चाँदभाई. थांबल्यावर तिघं मागं चालायला लागले आणि चालतच राहिले. डाग दिसेना. शहेबाज म्हणाला, पुडी फुटलीच नसंल. मग दिसला. वाऱ्यानं फक्की पसरलेली, रस्त्यावर लांबलचक पांढरा पट्टा. जाकीर म्हणाला, पुडी पण गाडीसंगं पुढं फेकली जाते, म्हणजे खरं अंतर याच्याहून जास्तच धरायचं.

"आता मी," शहेबाज म्हणाला. त्याला खात्री होती. तो सीट पुढं ओढून बसला, दोन्ही हात घट्ट, नजर समोर. थाप पडायची वाट बघत होता, अगदी टपून. थाप पडली, गाडी नाक खाली घालून थांबली. शहेबाज दार उघडून धावतच मागं गेला. चाँदभाई आणि जाकीर सावकाश त्याच्या मागून गेले.

तो डागाजवळ उभा होता. तिथून गाडी खेळण्यातल्या गाडीएवढी दिसत होती.

"मला म्हाईत होतं थाप पडणार हाय म्हणून," तो म्हणाला. "तरी एवढं?"

जाकीर खाली वाकून पट्ट्याकडं बघत राहिला. चाँदभाईनं वळून त्या लांबच्या गाडीकडं पाहिलं. मघाशी वाटलेलं बरं कुठल्या कुठं गेलं होतं. आपण म्हातारे झालो असतो तर परवडलं असतं. म्हाताऱ्यानं उतरायचं, तरण्यानं बसायचं, सोपं होतं. पण ह्या रस्त्यावर कुणीही बसलं तरी तेवढी जागा तशीच मोकळी राहणार होती.

तात्या मुंबईहून परत आले त्या दिवशीच त्यानं सांगून टाकलं. तात्या ओसरीवर दाढी करत होते.

"तात्या, आता मी नव्वदच्या वर न्हाई पळवणार. लई झालं तर शंभर."

तात्यांनी अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून मान वळवली. "कोण? तू? अरे, लोक तुला विमान म्हणतेत."

"म्हणू द्या."

"गाडीला दोनशे वीसचा काटा हाय, चाँद."

"गाडीला हाय. मला न्हाई."

तात्या आधी हसले. मग हा खरंच बोलतोय हे लक्षात आल्यावर चिडले. लग्नाच्या तारखा तोंडावर आलेल्या, निवडणुका कधीही लागतील, आणि ह्याला आत्ता सुचतंय! चाँदभाईनं ट्रॅक्टरचं सांगितलं. कुत्रं नव्हतं, असं सांगितलं. तात्यांनी वस्तरा गालावरून खाली घेतला. "पण वाचलो ना?" म्हणाले आणि आरशाकडं वळले. "तुला झेपत न्हाई तर तुझ्या पोराला धाड. त्यो चालवतोय म्हणं जोरात."

शहेबाजनं ती नोकरी घेतली.

चाँदभाईला वाटलं होतं, त्या दुपारनंतर तो घेणार नाही. पण पोरगं तरणं होतं. तात्यांची पांढरी गाडी, गावोगाव मिळणारा मान, 'विमानाचा पोरगा' म्हणून ओळख, हे सगळं समोर असताना रस्त्यावरची फक्की कुठवर लक्षात राहणार? "मी सांभाळून चालवीन, अब्बा," तो म्हणाला, आणि ते त्यानं मनापासूनच म्हटलं. चाँदभाई काकूंच्या जुन्या गाडीवर बसला. लिंबागणेशला चतुर्थीचं दर्शन, बीडला दवाखाना, माजलगावला माहेर. काम हलकं होतं. त्याला ते जड जात होतं.

हुस्नानं नवऱ्याशी बोलणंच कमी केलं. एकदा भाकरी थापताना तिच्या तोंडून निघून गेलं, "तुमी उतरला, अन् लेकराला चढवलं."

त्यांची मुलगी अदिबा बीडला डी. फार्मसी करत होती. तिनं आईच्या मोबाइलवर भावाच्या मोबाइलचा ठिपका दिसेल असं करून दिलं. शहेबाजनंही हसत हसत मान्य केलं. हुस्नाला नकाशातलं काही कळत नसे. पण ठिपका हलतोय म्हणजे पोरगं हलतंय, एवढं कळायचं. सकाळी कामं उरकली की ती उंबऱ्यावर मोबाइल घेऊन बसायची.

एप्रिलमधल्या एका दुपारी चाँदभाई घरी होता. हुस्नानं मोबाइल त्याच्यापुढं धरला. "किधर है देखो."

ठिपका चौसाळ्यापाशी होता. चाँदभाई पाणी प्यायला, त्यानं गुळाचा खडा तोंडात टाकला, पुन्हा पाहिलं. ठिपका मांजरसुंब्याच्या जवळ आला होता. हुस्नाला तो नुसता पुढं सरकलेला दिसला. चाँदभाईला मधला सगळा रस्ता पाठ होता. कुठं धाब्यासमोर ट्रक आडवे लावतात, कुठं शाळेची पोरं सायकली घेऊन पलीकडं जातात, कुठं दुभाजक फोडून शेतकऱ्यांनी वाट केलीय. एवढ्या वेळात इथून तिथं यायचं म्हणजे काटा कुठं असेल, ते त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. ठिपका सरकत होता, निळ्या रेघेवरून, काही आवाज न करता.

त्यानं मोबाइल हुस्नाच्या हातात दिला आणि चपला घातल्या.

तात्या संध्याकाळी घरी आले तेव्हा तो ओसरीवर बसून होता. काकू चहा घेऊन आल्या होत्या.

"तात्या, मला परत घ्या," तो म्हणाला. "तुमी म्हणाल तेवढी पळवतो."

"आता आला का ताळ्यावर!"

"फक्त एक हाय. तुमी पुढं बसायचं. माझ्या शेजारी."

"पुढं?" तात्यांना ते विचित्रच वाटलं. "पुढं कार्यकर्ता बसतो रे. मी पुढं बसलो तर लोकांना वाटंल गाडी तुझीच हाय."

"बसा की," काकू कपबशी ठेवत म्हणाल्या. "काय झिजतंय का? तीस वर्षं त्याचं टक्कल बघत बसलाव, आता तोंड बघा."

तात्यांना हसू आलं आणि त्या हसण्यात ते हो म्हणून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौसाळ्याकडं जायचं होतं. तात्या पुढं बसले, पट्टा लावताना दोनदा कुरकुरले. मांजरसुंब्याचा घाट ओलांडून गाडी सपाटीला आली. रस्ता मोकळा होता.

"सांगा," चाँदभाई म्हणाला.

"घे की."

शंभर झाले. तात्या कुणाच्यातरी मुलीच्या लग्नाबद्दल बोलत होते. एकशे दहा झाले तसं बोलणं तुटक व्हायला लागलं. समोरची काच भरभर माणसं, झाडं, फलक गिळत होती. मागच्या सीटवरून हे कधी दिसलं नव्हतं. तिथून फक्त चाँदभाईची मान आणि मोबाइल दिसायचा. एका ट्रकच्या मागं गाडी पोचली तेव्हा तात्यांचा उजवा पाय आपोआप पायपुसणीवर दाबला गेला. तिथं ब्रेक नव्हता. तात्यांनी पाय हळूच मागं घेतला आणि चाँदभाईकडं पाहिलं. चाँदभाई रस्त्याकडं बघत होता. एकशे वीस. तात्यांचा हात वरच्या दांडीला गेला. लांब उजवीकडं एक बाई डोक्यावर कडबा घेऊन रस्त्याकडं तोंड करून उभी होती. ती ओलांडणार की थांबणार, ते कळत नव्हतं.

"बास," तात्या म्हणाले. "बास बास."

गाडी हळू झाली. बाई थांबलेलीच होती. तिनं गाडीकडं पाहिलंसुद्धा नाही.

तात्यांनी दांडीवरचा हात काढला. मग तात्या म्हणाले, "मागून एवढं दिसत न्हाई रे."

"न्हाई दिसत."

"किती म्हणला होतास तू?"

"नव्वद."

"एकशे दहा कर."

"नव्वद, तात्या. लई झालं तर शंभर."

"बाजारात बैल घेताना पण एवढं वढून धरत न्हाई कुणी," तात्या पुटपुटले. पण शंभरावर सौदा पटला.

याचा अर्थ तात्या एका सकाळीत बदलले असा नाही. उशीर झाला की 'उडव' हा शब्द त्यांच्या तोंडून निघायचाच. दोन वेळा तर रागावून ते मागं जाऊन बसले. पण मागं बसूनही आता त्यांना समोर बघायची खोड लागली होती. हळूहळू चारऐवजी दोन लग्नं व्हायला लागली. जिथं जमायचं नाही तिथं काकू किंवा पुतण्या जायचा. कुणी रुसलं, कुणी रुसलं नाही. तात्यांना एवढी वर्षं वाटत होतं की आपण गेलो नाही तर लग्न लागायचंच नाही. लग्नं लागत होती.

शहेबाजला मात्र बापानं आपल्या पोटावर पाय दिला असं वाटलं. तो पुन्हा बागवानाच्या पिकअपवर गेला आणि पावसाळ्यापर्यंत चाँदभाईशी नीट बोलला नाही. एक दिवस जाकीरच्या गॅरेजात टायर बदलायला आला असताना तो मामाला म्हणाला, की तात्यांच्या गाडीवर होतो तेव्हा एकदा चौसाळ्याजवळ एक पोरगं सायकल घेऊन आडवं आलं. काय झालं न्हाई. पण त्या दिवसापासून गाडी शंभराच्या वर गेली की मागं लांब कुठंतरी ती पांढरी फक्की दिसते, आणि पाय आपसूक वर येतो. "अब्बांना सांगू नको," तो म्हणाला. जाकीरनं ते त्याच संध्याकाळी सांगितलं. चाँदभाईनं ऐकलं, मान हलवली आणि हे आपल्याला ठाऊक आहे असं शहेबाजला कधीही कळू दिलं नाही. हुस्नाला तेवढं सांगितलं. तिचं उंबऱ्यावर बसणं कमी झालं.

ऑक्टोबरात चौसाळ्याकडचे सुंदरराव म्हणून तात्यांचे जुने सोबती वारले. निरोप आला तेव्हा तात्या वडवणीत होते. चाँदभाईनं गाडी काढली. वाटेत तात्या दोनदा घड्याळाकडं बघून गप्प बसले. पोचले तेव्हा अग्नी देऊन झाला होता, माणसं पांगायला लागली होती. तात्या चितेपासून थोडं लांब, हात जोडून उभे राहिले. कुणीतरी येऊन काही लागेल असं बोलेल म्हणून त्यांनी मनात उत्तर तयार ठेवलं होतं. सुंदररावांचा धाकटा भाऊ आदिनाथ जवळ आला आणि नुसता त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. उशिराबद्दल त्याच्या लक्षातही आलं नसावं. गर्दी ओसरली होती म्हणून तात्यांना त्याच्याशेजारी दगडावर बसता आलं, सुंदररावांच्या तरुणपणाच्या दोन गोष्टी सांगता आल्या. एरवी ते तोंड दाखवून पुढच्या गावाला गेले असते.

परतताना मांजरसुंब्याच्या घाटात डोंगरातल्या बाया सीताफळाच्या पाट्या घेऊन रस्त्याच्या कडेला बसल्या होत्या. तात्या म्हणाले, "थांब." चाँदभाईनं गाडी कडेला घेतली. एका म्हातारीनं निवडून निवडून फळं दिली. दोघं दगडी कठड्यावर बसले. तात्यांनी पहिलं फळ फोडलं तर ते अर्धं कच्चं निघालं.

"फसवलं बघ म्हातारीनं," ते म्हणाले.

"दाबून बघायचं असतंय, तात्या. हे घ्या."

चाँदभाईनं एक मऊ फळ त्यांच्या हातात दिलं. खाली वळणावरून एक काळी गाडी भर्रकन वर आली आणि हॉर्न वाजवत निघून गेली. दोघांनी तिच्याकडं पाहिलं. तालुक्यातल्याच दुसऱ्या एका पुढाऱ्याची होती, ते तात्यांनी ओळखलं, पण नाव घेतलं नाही. ते बिया तळहातावर काढून गोळा करत राहिले. घरी परसात लावू म्हणाले, काकूंना सीताफळ आवडतं.

"पिशवी हाय का रे एखादी?" त्यांनी विचारलं.

चाँदभाई पिशवी शोधायला गाडीकडं गेला.